झाड बडवलं की टोपली निघते

२०२५ मध्ये टोपल्या विणणारे कलाकार जेरेमी फ्रे यांना ८ लाख डॉलरची मॅकआर्थर फेलोशिप (‘जीनियस ग्रँट’ म्हणतात ती) मिळाली, आणि ‘टोपल्या विणायला एवढे पैसे?’ असं विचारणारे लगेच निघाले. हो, टोपल्यांनाच. फ्रे अमेरिकेतल्या मेन राज्यातले, पासामाक्वॉडी जमातीचे. तिथल्या वाबानाकी लोकांची (पासामाक्वॉडी त्यांतलेच) ही कला म्हाताऱ्या हातांपुरतीच उरली होती, मग १९९३ मध्ये विणकरांची संघटना झाली, तरुण शिकायला लागले, आणि आता त्या टोपल्या आर्ट म्युझियममध्ये असतात. संघटना उभी करणाऱ्या थेरेसा सेकॉर्ड मूळच्या जिऑलॉजिस्ट, हे मला जाम आवडतं.

पण खरी गंमत लाकडात आहे. आपला बुरूड बांबू कोयत्याने उभा चिरतो, कारण बांबू म्हणजे गवत, त्यात वर्षाची वलयं नसतातच. वाबानाकी वापरतात ब्लॅक अ‍ॅश, दलदलीत वाढणारं झाड. त्याचा ओंडका सोलून कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बडवत राहायचं, की एकेका वर्षाची वाढ लांब पट्टी होऊन सुटते.

का सुटते? थंडीत खोडातलं पाणी गोठतं, त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, बर्फ वितळलं की बुडबुडे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्ये अडकतात आणि गेल्या वर्षीच्या मोठ्या नळ्या बाद होतात. म्हणून वसंतात पानं फुटायच्या आधीच झाड घाईघाईने नव्या रुंद नळ्या बनवतं. रुंदच का, तर नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो (हगेन-पॉइझ्युलचा नियम), म्हणजे व्यास दुप्पट केला की त्याच दाबाला पाणी १६ पट, आणि शंभर बारीक नळ्यांचं काम मोजक्याच नळ्या करतात. उन्हाळ्यात मात्र दाट, जाड भिंतींचं लाकूड तयार होतं. बडवल्यावर वसंतातला पोकळ थर चिरडतो, उन्हाळ्यातला अख्खा निघतो. रुंद नळ्या सागातही असतात, पण साग असा सुटत नाही. ब्लॅक अ‍ॅशमध्ये दोन वलयांना जोडून धरणारे धागे फारच कमी.

आता कोणी ‘पूर्वजांना हे सगळं फिजिक्स माहीत होतं’ म्हणून फॉरवर्ड करू नका प्लीज. त्यांना झाड माहीत होतं, पिढ्यान्‌पिढ्या हाताळून, आणि ते काही कमी नाही. ग्लुस्कॅप या आद्य वीराने अ‍ॅशच्या झाडात बाण मारला आणि त्यातून माणसं बाहेर आली, अशी वाबानाकींची कथा आहे. सुंदर आहे, तिला सायन्सचं सर्टिफिकेट कशाला?

याच रचनेमुळे झाड नाजूकही आहे. पाणी चढतं ते मुख्यतः बाहेरच्या, त्याच वर्षीच्या वलयातून. आशियातून आलेला एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा भुंगा (२००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २०१८ मध्ये मेनमध्ये पोचला) अंडी घालतो सालीच्या भेगांत, आणि अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे खणत आतली साल आणि तिला लागून असलेला नेमका तोच थर कुरतडतात. वरून उतरणारं अन्न तुटतं, खालून चढणारं पाणीही तुटतं, काही वर्षांत झाड खलास. आशियातल्या अ‍ॅशच्या जाती या किड्यासोबतच वाढल्यात, त्या बऱ्यापैकी तग धरतात.

सध्या बिया गोळा करून ठेवणं चालू आहे, आणि साथ येऊन गेलेल्या जंगलांत एखाददुसरं जगलेलं अ‍ॅश दिसलं की संशोधक त्याची कलमं करताहेत.