अंगठ्याच्या झटक्यावरून मेंदूची शिकण्याची ताकद मोजता येते का?

स्किझोफ्रेनिया म्हटलं की लोकांना आधी आठवतात ते भास, कानात येणारे आवाज, कुणीतरी आपल्या मागावर आहे असा पक्का संशय. (एकाच अंगात दोन माणसं वगैरे जे सिनेमात दाखवतात ते सोडून द्या, त्याचा या आजाराशी काही संबंध नाही.) पण बऱ्याच पेशंट्सचं रोजचं जगणं अडतं ते दुसऱ्याच गोष्टींवर. लक्ष लागत नाही, नवीन काम शिकायला वेळ लागतो, शिकलेलं टिकत नाही. गोळ्यांनी आवाज खूप जणांचे कमी होतात, हे मात्र फारसं सुधरत नाही. मग संशोधकांना शंका आली की मेंदूची शिकण्याची मूळ यंत्रणाच कुठेतरी अडखळतेय की काय.

ही यंत्रणा म्हणजे प्लॅस्टिसिटी. दोन पेशी पुन्हा पुन्हा एकत्र पेटल्या की त्यांच्यातला जोड घट्ट होतो, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्ये मांडली आणि 1973 मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत ती प्रत्यक्ष मोजून दाखवली. यातला बराचसा कारभार एनएमडीए नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या जागेवर, चालतो. आणि गंमत बघा, केटामाइन हे औषध हाच रिसेप्टर अडवतं आणि धडधाकट माणसाला दिलं तरी त्याच्यात काही वेळ स्किझोफ्रेनियासारखी लक्षणं दिसतात! म्हणजे संशयाला जागा आहे.

पण सशाच्या मेंदूत तार घालता येते, जिवंत माणसाच्या मेंदूत नुसत्या संशोधनासाठी कोण घालू देणार? इथे कामाला येतं टीएमएस, म्हणजे बाहेरून चुंबकाने मेंदूला चेतवणं. तत्त्व फॅरेडेचं, 1831 सालचं: चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदललं की जवळच्या वाहकात करंट तयार होतो. इथे वाहक म्हणजे आपला मेंदू. 1985 मध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे माणसावर करून दाखवलं. डोक्याला इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, टेकवतात, तिच्यातून एक जबरदस्त पल्स जातो, क्षेत्र साधारण दीड-दोन टेस्ला म्हणजे एमआरआय मशीनच्या तोडीचं, पण टिकतं एक मिलिसेकंदसुद्धा नाही. कवटी त्याला अडवत नाही. फक्त जास्त खोल जात नाही, दोन-तीन सेंटिमीटर, बस. भूल नाही, माणूस टक्क जागा असतो, 'टक्' असा मोठा आवाज येतो म्हणून कानात बोळे देतात. याला शॉक ट्रीटमेंट समजू नका, ती वेगळी. फिट येण्याचा धोका अगदी कमी असला तरी असतो, म्हणून आधी फिट्सबद्दल आणि डोक्यात धातूचं काही बसवलंय का ते विचारतातच.

आता कॉइल मेंदूच्या हाताची हालचाल बघणाऱ्या भागावर धरली की विरुद्ध बाजूच्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. अंगठ्याच्या स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवून तो झटका किती मोठा ते मोजतात. आधी काही पल्स देऊन सरासरी काढायची, मग मेंदूला काहीतरी 'शिकवायचं', मग परत तेच पल्स, तेवढ्याच जोराचे. झटका वाढला तर मधल्या वेळात मेंदू बदलला. इतकं साधं आहे, आणि म्हणूनच मला ही पद्धत आवडते, पेशंटला प्रश्न विचारायचे नाहीत, त्याचा मूड, कंटाळा, भीती यांचा गोंधळ बराच टळतो.

शिकवायचं कसं, तर एक सुंदर युक्ती आहे. मनगटातल्या नसेला हलका करंट देतात, तो संदेश मेंदूपर्यंत पोचायला साधारण 20 मिलिसेकंद घेतो, म्हणून 25 मिलिसेकंदांनी कॉइलचा पल्स सोडायचा, म्हणजे दोन्ही गोष्टी मेंदूत जवळजवळ एकत्र घडतात, हेब म्हणाले होते तशा. अशा जोड्या अर्धा तास दिल्या की निरोगी लोकांत सरासरी झटका वाढतो. अंतर 25 ऐवजी 10 केलं की क्रम उलटा होतो, आणि झटका चक्क कमी होतो! नुसतं मेंदू तापवल्यामुळे झालं असतं तर पंधरा मिलिसेकंदांनी असा फरक पडला नसता.

स्किझोफ्रेनियात काय दिसलं? 2008 मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी हीच जोडीची पद्धत वापरली तेव्हा पेशंट्समध्ये झटका निरोगी लोकांसारखा वाढला नाही, आणि ज्यांच्यात कमी वाढला त्यांना हाताच्या कौशल्याचं एक काम शिकणंही जड गेलं. माझ्या मते खरा मुद्दा हा दुसरा, कारण नाहीतर अंगठा उडाला काय आणि नाही उडाला काय.

गोळ्यांमुळे झालं असेल, असं लगेच मनात येतं. अँटिसायकोटिक औषधं डोपामिन हे मेंदूतलं रसायन अडवतात आणि डोपामिनचा प्लॅस्टिसिटीशी संबंध आहेच. पण 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पॉल फिट्झगेराल्ड यांच्या गटाने सावकाश पल्स देऊन (निरोगी लोकांत त्याने झटका घटतो) झटका कमी होतो का ते बघितलं, त्यात गोळ्या न घेणारे पेशंटही होते, आणि त्यांच्यातही प्रतिसाद फिकाच होता. तरी हा प्रश्न मिटला असं मी म्हणणार नाही. असे अभ्यास लहान असतात, शिवाय पेशंट्समध्ये सिगारेटचं प्रमाण जास्त आणि निकोटिननेही निकाल हलतात. त्यात 2013 मध्ये आलेल्या एका अभ्यासात निरोगी लोकांतच थीटा बर्स्ट नावाच्या, पल्स झटपट झुंडींनी देण्याच्या पद्धतीचा निकाल इतका वेगवेगळा आला, कुणाचा झटका वाढला, कुणाचा घटला, की सरासरीत काही उरलंच नाही. त्यामुळे एकट्या पेशंटला कॉइलखाली बसवून निदान करणं आज तरी शक्य नाही, गटांची तुलना होते, एवढंच.

अजून एक अडचण म्हणजे आजाराचा मोठा भाग कपाळामागच्या मेंदूत आहे असं मानतात आणि तो भाग चेतवला तर कुठलाच अंगठा उडत नाही. मग कॉइलसोबत डोक्यावर ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या, तारा लावतात, पल्सनंतर उठणाऱ्या लहरी थेट बघतात. अशाच एका अमेरिकन अभ्यासात, तोही 2008 चाच, पेशंट्सच्या पुढच्या भागात वेगवान गॅमा लहरी कमी उठल्या. फक्त इथे कॉइलचा तो 'टक्' आवाज आणि डोक्याच्या कातडीला बसणारा टोला यांनीही मेंदूत लहरी उठतात, म्हणून आवाज आणि टोला तसाच पण मेंदूत करंट नाही अशी खोटी पल्स देऊन तिचा हिशोब वेगळा काढावा लागतो.