दाबून धरा, उचलून बघू नका

मांडीतली मोठी धमनी कापली गेली तर माणूस पाचेक मिनिटांत जाऊ शकतो, कधी त्याच्याही आधी. आता आपल्या गोव्यात पर्वरीच्या हायवेवर रात्री अॅक्सिडेंट झाला, कुणीतरी लगेच 108 ला फोन केला, गाडी लगेच निघाली, तरी ती पाच मिनिटांत पोचेलच असं कोण सांगणार? आणि सत्तरीतल्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, कोणाच्या पायावर कोयता बसला तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, तिथून किती लांब पडतं हे तिथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. तोवर रक्त थांबवायला जे काय करायचं ते बाजूला उभ्या असलेल्या माणसालाच करायचंय, आणि ते जमण्यासारखं आहे, फक्त कोणीतरी एकदा हाताला धरून शिकवलं पाहिजे.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. त्यातलं 700-750 मिली गेलं तरी शरीर सांभाळून घेतं, हातापायाच्या नसा आवळून घेतं, हृदय जोरात चालतं, म्हणून तो माणूस आपल्याशी नीट बोलतो आणि आपल्याला वाटतं की बरा आहे. इथेच फसायला होतं, कारण ब्लडप्रेशर खरं खाली यायला लागतं ते जवळजवळ 30 टक्के रक्त गेल्यावर, आणि 2 लिटरच्या पुढे गेलं की वाचवणं फार अवघड होतं. त्यामुळे रक्त उडतंय, जमिनीवर थारोळं होतंय, कपडा भिजून ठिबकतोय, माणूस थंड आणि घामेजलेला लागतोय, यातलं काहीही दिसलं की तो बोलतोय का ते बघत बसायचं नाही.

दाबल्याने नेमकं काय होतं? जखम झाली की प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी काही सेकंदांत तिथे चिकटायला लागतात, मग फायब्रिनचे धागे त्यांना जाळ्यासारखे बांधतात आणि रक्ताची गाठ पक्की होते, पण त्याला काही मिनिटं लागतात. मोठ्या धमनीतून रक्त इतक्या जोरात येतं की ही गाठ धरायच्या आधीच धुऊन जाते, फुटलेल्या पाइपवर नळ चालू ठेवून एम-सील लावायला गेलात तर जे होईल तेच. वरून दाबलं की प्रवाह थांबतो आणि गाठीला वेळ मिळतो. म्हणून दर मिनिटाला कपडा उचलून "थांबलं काय?" बघणं सगळ्यात वाईट, नुकती धरलेली गाठ त्याच्याबरोबर निघून येते. आणि जोर म्हणजे खराच जोर हवा, माणसाला कडक जमिनीवर आडवं करून, हाताचे कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार जखमेवर टाकून. त्याला दुखेल, तो ओरडेल, तरी सोडायचं नाही. पंचा, ओढणी, टीशर्ट, जे स्वच्छ मिळेल ते चालतं, ग्लोव्हज नसतील तर हातात प्लास्टिकची पिशवी घाला. पण नुसता कपड्यावर कपडा गुंडाळत गेलं की तो रक्त शोषून घेतो, थांबवत नाही. आणि हळद, कॉफी पावडर असलं काहीही जखमेत भरू नका.

जांघ, काख असल्या जागी घाव खोल असेल तर कपडा बोटाने आत अगदी तळापर्यंत ठासून भरायचा आणि मग वरून दाबायचं. पोट आणि छातीच्या जखमेत मात्र काही कोंबायचं नाही, तिथे घाई हॉस्पिटलची. काच किंवा सळई रुतलेली असेल तर ती ओढून काढायची नाही, तीच आतून भोक बंद करून बसलेली असू शकते.

हात किंवा पाय असेल आणि दाबून थांबत नसेल तर टूर्निकेट, म्हणजे करकचून आवळायचा पट्टा. जखमेच्या वर 5-7 सेंमी, गुडघ्याच्या किंवा कोपराच्या सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. पट्टा रुंद हवा, सुंभ किंवा वायर नको, ती मांसात घुसते, मज्जातंतू दुखावतो आणि धमनी तशीच चालू राहते. अर्धवट आवळला तर आणखी वाईट, परत जाणारं रक्त अडतं आणि येणारं येतच राहतं, म्हणजे रक्तस्राव वाढतो. पाय कापावा लागेल ही भीती बऱ्याच जणांना असते, पण दोनेक तासांच्या आत डॉक्टरकडे पोचलं तर तसा धोका फार कमी. एक सांगायलाच हवं, साप चावल्यावर असं आवळून बांधायचं नाही, आपल्याकडे लोक नेमकं उलटं करतात, साप चावला की दोरी आवळतात आणि धमनी कापली की हळद शोधतात.

अमेरिकेत 2012 मध्ये सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर तिथल्या सर्जननी यावर काम सुरू केलं आणि 2015 मध्ये साध्या लोकांना हे शिकवायची देशभर मोहीम निघाली. 2018 मध्ये एका स्टेडियमच्या कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली, प्रत्यक्ष शिकवलेल्यांतल्या 88 टक्के लोकांनी पट्टा बरोबर बांधला, न शिकवलेल्यांत फक्त 16 टक्के. पण काही महिन्यांनी परत बघितलं तर शिकलेल्यांतले निम्म्याहून थोडेच जास्त बरोबर करत होते. म्हणजे एकदाच शिकवून भागत नाही, दरवर्षी परत हात लावायला हवा.

आपल्याकडे सुरुवात पायलटांपासून, म्हणजे मोटरसायकलवरून भाडं नेणाऱ्यांपासून करावी असं मला मनापासून वाटतं. ते दिवसभर रस्त्यावरच असतात आणि कित्येकदा अपघाताच्या ठिकाणी सगळ्यात आधी तेच पोचतात. मग टॅक्सीवाले, ट्रॉलरवरचे खलाशी, माडावर चढणारे पाडेली, देवळाच्या जत्रेतले स्वयंसेवक. पोलिसांच्या भीतीने मागे सरणाऱ्यांना हेही सांगायला हवं की 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलंय, अपघातात चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर केस होत नाही आणि नाव सांगायची सक्तीही नाही.

आणि पावसाळ्यात एक गोष्ट जास्त लक्षात ठेवा. थंड पडलेल्या अंगात रक्त गोठवणारी रसायनं मंदावतात, त्यामुळे भिजलेल्या रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या खाली रेनकोट किंवा गोणपाट सरकवा, वरून चादर घाला, पाणी पाजू नका. अॅम्ब्युलन्स आली तरी दाबलेला हात स्वतःहून काढायचा नाही, त्यातल्या माणसाने "आता मी धरतो" म्हटल्यावरच सोडायचा आणि पट्टा किती वाजता बांधला ते त्याला सांगायचं.