सुप्रीम कोर्टात एसएलपी दाखल करायची आहे? पात्रता, मुदत, कागदपत्रे आणि प्रकरण बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) कसे लागते

हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला की पक्षकार म्हणतो, "आता सुप्रीमला जाऊ." जाता येते. पण बहुतेक प्रकरणांत तिथे अपिलाचा हक्क नसतो, अपील ऐकावे अशी परवानगी आधी मागावी लागते. संविधानाच्या कलम 136 खालच्या या मागणीला विशेष अनुमती याचिका म्हणतात. कोर्टाच्या आवारात तिला सगळे 'एसएलपी' म्हणूनच ओळखतात. सर्वोच्च न्यायालयात येणाऱ्या प्रकरणांचा सर्वात मोठा हिस्सा याच वाटेने येतो.

ही परवानगी द्यायची की नाही, हे पूर्णपणे न्यायाधीशांवर अवलंबून असते. 1950 सालच्या प्रीतम सिंग खटल्यात न्यायालयाने म्हटले होते की हा अधिकार जपून आणि अपवादात्मक प्रसंगीच वापरायचा. पुढे त्याला ठरावीक निकष घालून द्यावेत, असा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला. जानेवारी 2016 मध्ये घटनापीठाने निकष बांधून द्यायला नकार दिला. त्यामुळे आजही छापील कसोटी नाही. "हायकोर्टाचा निकाल चुकला" एवढ्यावर सहसा भागत नाही. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल, हायकोर्टांमध्ये परस्परविरोधी निकाल असतील किंवा उघड अन्याय दिसत असेल, तर न्यायाधीश थांबून बघतात. साक्षीपुरावा पुन्हा तोलण्याची विनंती मात्र फार क्वचित मान्य होते.

अमेरिकेत हे काम वेगळ्या पद्धतीने चालते. तिथले नऊ न्यायाधीश एकत्र बसतात आणि चौघांनी होकार दिला तरच प्रकरण ऐकायला घेतात. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सत्र सुरू होते आणि अलीकडे वर्षाला साधारण 60-70 प्रकरणांवर तोंडी सुनावणी होते. आपल्याकडे न्यायाधीशांची मंजूर संख्या 2019 मध्ये 34 झाली. ते दोन-तीन जणांच्या खंडपीठांत विभागून बसतात आणि निवड खुल्या कोर्टात, वकिलाला उभे करून होते. पण ती निवड काही मिनिटांत उरकते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की पैसा आणि मेहनत त्या काही मिनिटांच्या तयारीवर लावा.

कोण अर्ज करू शकतो

मूळ प्रकरणातला कोणताही पक्षकार एसएलपी करू शकतो. निकालाचा फटका बसलेली, पण पक्षकार नसलेली व्यक्तीही करू शकते. मात्र तिला याचिका दाखल करण्याची परवानगी मागणारा वेगळा अर्ज जोडावा लागतो. देशातल्या कोणत्याही न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध हा मार्ग खुला आहे. सशस्त्र दलांविषयीच्या कायद्यांखाली स्थापलेली न्यायालये व न्यायाधिकरणे तेवढी कलम 136(2) ने वगळली आहेत. कागदावर हा अधिकार एवढा रुंद असला, तरी खालचा उपाय शिल्लक असताना थेट दिल्ली गाठली तर पहिला प्रश्न येतो, "आधी तिकडे का गेला नाहीत?" हायकोर्टाच्या एकल न्यायाधीशाच्या निकालावर तिथल्याच खंडपीठाकडे अपील होत असेल, तर ते आधी करा. अंतरिम आदेशांत हात घालायलाही सर्वोच्च न्यायालय सहसा राजी नसते.

दुसरी अट वकिलाची आहे. याचिका दाखल करण्याचा अधिकार फक्त 'ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड'ला असतो. हा वकील सर्वोच्च न्यायालयाची वेगळी परीक्षा उत्तीर्ण झालेला असतो आणि त्याचे कार्यालय न्यायालयापासून 16 किलोमीटरच्या आत असावे लागते. ज्येष्ठ वकील कितीही नामवंत असले, तरी त्याच्याशिवाय उभे राहू शकत नाहीत. हायकोर्टातला तुमचा वकील बाजू मांडायला सोबत असू शकतो, पण याचिकेवर सही आणि जबाबदारी ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डची.

स्वतःच बाजू मांडायची असेल, तर वकील का नेमत नाही याची कारणे देणारा अर्ज करावा लागतो. रजिस्ट्रार तुमच्याशी बोलून, तुम्ही न्यायालयाला मदत करू शकाल का याबद्दल अभिप्राय देतात.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून हातपाय गाळू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य, दिव्यांग, कोठडीत असलेली व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणांना वार्षिक 5 लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. अर्ज सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे करायचा. आपल्या तालुक्याच्या किंवा हायकोर्टाच्या विधी सेवा समितीमार्फतही तो पुढे जातो. तुरुंगातल्या माणसाची याचिका अधीक्षकांमार्फत जाते. ही सोय किती लोकांना ठाऊकच नसते, याचे मला फार वाईट वाटते.

मुदत: इथेच सर्वाधिक प्रकरणे अडखळतात

हायकोर्टाच्या निकालापासून 90 दिवस. हायकोर्टाकडे अपिलासाठी प्रमाणपत्र मागितले आणि ते नाकारले गेले असेल, तर नकाराच्या आदेशापासून 60 दिवस. फाशीच्या शिक्षेच्या प्रकरणातही 60 दिवस.

निकालाचा दिवस मोजायचा नाही. समजा, निकाल 10 जानेवारीला लागला. जानेवारीचे उरलेले 21, फेब्रुवारीचे 28, मार्चचे 31 आणि एप्रिलचे 10 असे 90 दिवस 10 एप्रिलला पुरे होतात. प्रमाणित नकलेसाठी अर्ज केल्यापासून ती तयार होईपर्यंत गेलेले दिवस यातून वजा होतात. म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज टाका. मुदत उलटल्यावर अर्ज केला, तर ती वजावट मिळत नाही.

उशीर झालाच, तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो. त्यात "प्रकृती अस्वास्थ्यामुळे" असे मोघम लिहून चालत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काय झाले, ते सांगावे लागते आणि दवाखान्याचा कागद, नकलेची पावती, वकिलाशी झालेला पत्रव्यवहार असा काही आधार द्यावा लागतो.

कोणती कागदपत्रे

याचिकेचा ठरलेला नमुना सर्वोच्च न्यायालय नियम, 2013 मध्ये आहे. सुरुवातीला सारांश आणि तारीखवार घटनाक्रम, त्यानंतर ज्या आदेशाला आव्हान दिले तो आदेश, मग मुख्य याचिका. याचिकेत कायद्याचे प्रश्न, आव्हानाची कारणे, अंतरिम दिलासा का हवा याची कारणे आणि शेवटी मागण्या येतात. याच निकालाविरुद्ध दुसरी एसएलपी केलेली नाही आणि जोडलेली परिशिष्टे खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डमधलीच आहेत, अशी दोन निवेदने आवश्यक असतात. याशिवाय पक्षकाराचे शपथपत्र, वकीलपत्र, पी-1, पी-2 अशा क्रमाने परिशिष्टे आणि दिवाणी प्रकरणात कोर्ट फी. फौजदारी प्रकरणात कोर्ट फी नाही. खालच्या कोर्टात न दिलेला नवा कागद दाखवायचा असेल, तर त्यासाठी स्वतंत्र अर्ज लागतो. छपाई ए-फोर कागदावर, दोन्ही बाजूंनी. 2020 पूर्वी लागणारा लांब लीगल कागद आता लागत नाही. ई-फायलिंगचीही सोय आहे.

फौजदारी प्रकरणात कैदेची शिक्षा झाली असेल, तर आरोपी शरण आला आहे का हे सांगून त्याचा दाखला जोडावा लागतो. शरण आला नसेल, तर त्यातून सूट मागणारा अर्ज हवा. तो मान्य होईपर्यंत मूळ याचिका पुढे सरकत नाही.

मराठी माणसाची खरी अडचण भाषांतरात होते. सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज कलम 348 नुसार इंग्रजीत चालते. सातबारा, फेरफार, खरेदीखत, पंचनामा, तलाठ्याचा जबाब, ग्रामपंचायतीचा ठराव, जे काही मराठीत आहे त्या प्रत्येकाचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. नियमाप्रमाणे ते दोन्ही बाजूंना मान्य तरी असावे किंवा न्यायालयाच्या अधिकृत भाषांतरकाराने प्रमाणित केलेले तरी. व्यवहारात वकील आपले भाषांतर जोडतात आणि अधिकृत भाषांतरातून सूट मागणारा अर्ज देतात. हे भाषांतर स्वतः वाचून घ्या, इंग्रजी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. जमिनीच्या वादात 'वहिवाट' आणि 'मालकी' यांत गल्लत झाली, किंवा पोटहिश्श्याचा क्रमांक चुकला, तर न्यायाधीशांपुढे भलतेच चित्र उभे राहते. दिल्लीतल्या वकिलाने तुमचा सातबारा कधी पाहिलेला नसतो. इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे त्याला तुम्हीच समजावून सांगायचे.

घटनाक्रमाबद्दलही तेच म्हणेन. फाइल आदल्या रात्री चाळताना न्यायाधीश सर्वप्रथम तीच पाने बघतात. प्रत्येक तारखेपुढे दोन-तीन ओळी आणि सोबत परिशिष्टाचा क्रमांक असावा. आपल्याला अडचणीची असलेली तारीख गाळू नका. ती समोरचा वकील हमखास दाखवतो आणि मग तुमच्या बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडतो.

डायरी नंबरपासून बोर्डापर्यंत

याचिका दाखल झाली की डायरी नंबर मिळतो. त्याने प्रकरण नोंदवले गेले असे होत नाही. रजिस्ट्रीतली, म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयातली, तपासणी अजून बाकी असते. पुसट प्रत, सही नसलेले पान, भाषांतर नाही, विलंबाच्या दिवसांची मोजणी चुकली, अशा त्रुटींची यादी निघते. वकील तिला 'डिफेक्ट' म्हणतात. त्या 28 दिवसांत दूर करायच्या असतात. त्यापुढे गेलात तर पुन्हा दाखल करण्यातल्या विलंबाच्या माफीचा आणखी एक अर्ज वाढतो. "सुप्रीममध्ये केस टाकली आहे, पण तारीखच लागत नाही" अशी तक्रार ऐकली, की आधी संकेतस्थळावर डायरी नंबर टाकून डिफेक्ट बघायला सांगावे. पुष्कळदा अडचण तिथेच असते.

त्रुटी दूर झाल्या की प्रकरणाला नोंदणी क्रमांक मिळतो आणि विषयाचा संकेतांक लागतो: जमीन संपादन, सेवा, कर, कामगार, फौजदारी वगैरे. कोणत्या विषयाची प्रकरणे कोणत्या खंडपीठाकडे, हे रोस्टर ठरवते आणि रोस्टर सरन्यायाधीश ठरवतात. या अधिकारावरून जानेवारी 2018 मध्ये चार ज्येष्ठ न्यायाधीशांनी पत्रकार परिषद घेतली होती. त्यानंतर फेब्रुवारी 2018 पासून विषयवार रोस्टर जाहीर होऊ लागले आणि त्याच वर्षी ज्येष्ठ वकील शांती भूषण यांच्या याचिकेवर न्यायालयाने 'मास्टर ऑफ द रोस्टर' सरन्यायाधीशच असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. संकेतांक चुकीचा पडला तर प्रकरण भलत्याच खंडपीठापुढे जाते, म्हणून वकिलाने भरलेला लिस्टिंगचा तक्ता एकदा बघून घ्या.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांतले जामीन आणि प्रकरण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करण्याच्या याचिका 2019 च्या दुरुस्तीनंतर एकट्या न्यायाधीशापुढेही लागू शकतात. संविधानाच्या अर्थाचा मोठा प्रश्न असेल, तर कलम 145(3) प्रमाणे किमान पाच न्यायाधीश हवेत.

आठवड्याची आखणी रूढ पद्धतीत अशी: सोमवार आणि शुक्रवार नव्या प्रकरणांचे, तर मधले तीन दिवस नोटीस निघालेल्या आणि अंतिम सुनावणीच्या प्रकरणांचे. मधल्या दिवसांची वाटणी सरन्यायाधीशांच्या परिपत्रकांनी बदलत राहते. तातडीची सुनावणी मागण्याची, म्हणजे मेन्शनिंगची, रीतही तशीच बदलते. कधी तोंडी विनंती चालते, कधी फक्त ईमेल किंवा पत्र. त्यामुळे गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका, ताजे परिपत्रक बघा. आधी आगाऊ यादी, मग रोजची यादी आणि गरजेप्रमाणे पुरवणी यादी निघते. आगाऊ यादीत नाव आले म्हणजे त्या दिवशी सुनावणी होणारच, असे नाही. रोजची यादीच खरी.

नियमांनुसार वर्षात दोन सत्रे असतात: उन्हाळ्यानंतर डिसेंबरपर्यंत आणि हिवाळी सुटीनंतर उन्हाळ्यापर्यंत. 2024 च्या दुरुस्तीने उन्हाळी सुटीला 'अंशतः कामकाजाचे दिवस' असे नाव दिले. या काळात मोजकी खंडपीठे बसतात, तेव्हा तुमचा विषय त्या दिवसांत घेतला जाणार आहे का, हे आधी विचारून घ्या.

पहिली तारीख

नव्या प्रकरणांच्या दिवशी एका खंडपीठाच्या बोर्डावर 50-60 प्रकरणे असणे नवे नाही. पुकारा होतो, वकील उभा राहतो आणि बहुधा न्यायाधीशच पहिला प्रश्न विचारतात. त्यातून सहसा चारपैकी एक गोष्ट होते. याचिका फेटाळली जाते. वारे बघून वकील ती मागे घेतो आणि दुसरा उपाय वापरण्याची मुभा मागतो. किंवा समोरच्याला नोटीस निघते, सोबत स्थगिती मिळते किंवा मिळत नाही. चौथी शक्यता थेट अनुमती मिळण्याची, पण ती पहिल्याच दिवशी क्वचित. नोटीस निघाली म्हणजे जिंकलो, असे समजून गावाकडे पेढे वाटू नका. स्थगिती नसेल तर हायकोर्टाच्या आदेशाची अंमलबजावणी चालूच राहते.

नोटीस 'दस्ती' मागितली, तर ती स्वतः बजावता येते आणि वेळ वाचतो. मग समोरच्याचे उत्तर, त्यावर आपले प्रत्युत्तर. अनुमती मिळाली की एसएलपीचे रूपांतर अपिलात होते, नवा क्रमांक पडतो आणि अंतिम सुनावणीची वाट बघणे सुरू होते. 2024 अखेर या न्यायालयातली प्रलंबित प्रकरणे 80 हजारांच्या वर होती. या टप्प्यावर वर्षे जाऊ शकतात, म्हणून अंतरिम आदेशाचे शब्द नीट वाचा. मधला सगळा काळ त्यावरच काढायचा असतो.

कारणे न देता याचिका फेटाळली गेली, तर त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने हायकोर्टाचा निकाल योग्य ठरवला असा होत नाही. कुन्हयम्मद खटल्यात 2000 साली हे स्पष्ट झाले आहे आणि अशा वेळी हायकोर्टात पुनर्विलोकन अर्जाची, म्हणजे त्याच कोर्टाने आपला निकाल पुन्हा तपासावा या मागणीची, वाट खुली राहते. सर्वोच्च न्यायालयातच पुनर्विलोकन मागायचे असेल, तर मुदत 30 दिवसांची आहे. तो अर्ज सहसा न्यायाधीशांच्या दालनात, वकिलांच्या तोंडी युक्तिवादाशिवाय तपासला जातो. फाशीच्या प्रकरणांत मात्र 2014 पासून खुल्या कोर्टात सुनावणी मिळते.