उतरवणं वेगळं, टिकवणं वेगळं

२०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दोन पंथ पडले होते. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा : दिवसातून दोनदाच जेवा, तेही ५५ मिनिटांच्या आत, मधे काही नाही. दुसरा ऋजुता दिवेकरांचा : थोडंथोडं, वेळच्या वेळी, घरचं, वर तुपाची धार. लग्नाच्या पंगतीपासून फॅमिली ग्रुपपर्यंत वाद रंगायचे, आणि गंमत म्हणजे वजन उतरलेली माणसं दोन्हीकडे हजर असायची. "माझं आठ किलो उतरलं" म्हणणाऱ्याला खोटं कसं पाडणार?

पाडायची गरजही नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. खाणं सगळ्यांनीच सारखं कमी करायचं होतं. निम्म्यांना एक जादा अट होती : जे काही खायचं ते सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच. वर्षाअखेरीस अट पाळणाऱ्यांचं सरासरी ८ किलो उतरलं, बाकीच्यांचं ६.३. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर असाच सामना लावला होता, कमी स्निग्ध विरुद्ध कमी कर्बोदकं. वर्षभरात ५.३ किलो आणि ६ किलो. पुन्हा बरोबरी. त्यातही प्रत्येक गटात कुणाचं वीस-पंचवीस किलो उतरलं, तर कुणाचं चक्क वाढलं.

म्हणजे किती वेळा जेवलात यापेक्षा दिवसाचा एकूण हिशेब महत्त्वाचा. दोनदाच जेवणाऱ्याचा अकराचा चहा-खारी, चारचं फरसाण आणि रात्री टीव्हीसमोरचं चरणं सुटतं. वेळच्या वेळी घरचं खाणाऱ्याचा बाहेरचा वडा सुटतो. मार्ग वेगळे असले तरी वजाबाकी तीच. यातला जो नियम तुमच्या घरात, तुमच्या नोकरीच्या वेळांत निभेल तो तुमचा, एवढंच मी त्या वादाबद्दल म्हणेन.

आता ही उतरलेली चरबी जाते कुठे? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या रूबेन मिरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी हा प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम शिकवणाऱ्यांना विचारला. बहुतेकांनी उत्तर दिलं, "उष्णता होऊन जाते." पण वस्तुमान असं हवेत विरत नाही. या दोघांनी २०१४ साली अणूंचा हिशेब मांडला. १० किलो चरबी जळते तेव्हा त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. वजन आपण खरोखर नाकातून सोडतो. (पण म्हणून भराभर श्वास घेऊन कुणी बारीक होत नाही. आधी पेशींनी चरबी जाळायला हवी. नुसत्या भात्याने चक्कर तेवढी येते.)

हा हिशेब कळला की बाजारातला बराच माल आपोआप निकालात निघतो. पोटाला गुंडाळायचा घाम काढणारा पट्टा, प्लास्टिकचं जाकीट घालून बागेत धावणं, यात जातं ते पाणी. दोन पेले पाणी प्यायलं की काटा जागेवर. डाएटच्या पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात तेही बव्हंशी पाणीच. यकृत आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेची शिल्लक असते आणि तिचा प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं घटलं की ही शिल्लक आधी मोडली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावतो आणि लोक म्हणतात, "वजन अडकलं." खरं तर आता उतरते ती मुख्यतः चरबीच.

एक किलो शरीरातली चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. ७० किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला, तर बसून राहण्यापेक्षा सुमारे दोनशे कॅलरी जास्त खर्चतो. टेकडी चढून खाली उतरल्यावर एक वडापाव खाल्ला की सकाळची मेहनत जमा-खर्चात बरोबर. नुसत्या व्यायामाने वजन उतरवायला निघालेल्यांची फसगत इथेच होते. वजन मुख्यतः ताटात उतरतं.

ताट म्हटलं की मला उपास आठवतो. साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी घ्या. ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा, म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, २१० कॅलरी. ३० ग्रॅम दाण्याचा कूट, १७०. फोडणीला एक मोठा चमचा तूप, आणखी सव्वाशे. वर बटाट्याच्या फोडी. पाचशेच्या पुढे गेलो, आणि अजून वाटीभर दही, रताळ्याचा कीस नि वेफर्स यायचेत. त्या बशीत पोट धरून ठेवणारं काही असेल तर तो दाण्याचा कूट. आणि हात आखडायचा म्हटलं की नेमका तोच कमी घातला जातो, साबुदाणा तेवढाच राहतो. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणणाऱ्यांना कॅलरी ठाऊक नव्हत्या, पण गणित पक्कं होतं. भाजी-भाकरी आणि उसळीचं साधं जेवण यापेक्षा हलकं पडतं आणि भूकही जास्त वेळ थोपवतं.

कमी खाऊन पाच-दहा किलो उतरवणं पुष्कळांना जमतं. वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांचं परत चढतं. याला आळशीपणा म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे सवय आहे, पण शरीर इथे फारच चलाख आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं, आणि शरीराचा विश्रांतीतला कॅलरींचा खर्च त्याहूनही जास्त घटला. हातपाय गार पडले, उत्साह गेला. अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. शरीराला दुष्काळ आणि डाएट यांतला फरक कळत नाही.

अमेरिकेत वजन घटवण्याची एक टीव्हीस्पर्धा होती. तिथल्या १४ स्पर्धकांना केविन हॉल या शास्त्रज्ञाच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत त्यांचं सरासरी ५८ किलो उतरलं होतं, त्यातलं ४१ परत आलं होतं. शिवाय त्यांच्या आकारमानाच्या माणसाचा विश्रांतीत जेवढा खर्च व्हायला हवा, त्यापेक्षा यांचा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी होत होता, सहा वर्षांनंतरही. दिवसाला एक जेवण कायमचं बाद झाल्यासारखं. झटपट आणि अघोरी घटवण्याचं हे देणं आहे. पण त्याच स्पर्धकांत काही असे होते, ज्यांनी वजन टिकवलं होतं. त्यांची शारीरिक हालचाल स्पर्धेआधीच्या तुलनेत १६० टक्क्यांनी वाढलेली होती. वजन परत चढलेल्यांची ३४ टक्क्यांनी. स्पर्धेच्या काळात वजन उतरवलं होतं कमी खाण्याने. नंतर ते धरून ठेवलं हालचालीने. व्यायामाचं खरं काम हे. काट्याकडे बघून तो महिन्याभरात सोडून देणारे चुकीच्या खिडकीत चौकशी करत असतात.

हालचालीचा आणखी एक पैलू आपल्याच देशात सापडला होता. १९५६ साली जाँ मेयर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या तागाच्या गिरणीतल्या २१३ पुरुषांचं खाणं, वजन आणि कामाचं स्वरूप ताडून पाहिलं. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत मेहनत वाढेल तसं खाणंही वाढत गेलं आणि वजन साधारण आटोक्यात राहिलं, हे अपेक्षितच. नवल होतं दुसऱ्या टोकाला. गादीवर बसून असणारे दुकानदार आणि देखरेख करणारे हे लोक कष्टकऱ्यांइतकंच खात होते, आणि वजनाने सगळ्यांत भारी होते. अगदीच बैठ्या माणसाची भूक खर्चाशी जुळवून घ्यायचं विसरते, असं मेयर यांनी मांडलं. एका वेळच्या पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही हे मान्य. तरी दिवसभर खुर्चीत बसून रात्री डबा फस्त करणाऱ्या कुणालाही ती गिरणी ओळखीची वाटेल.

भूक फसते ती अन्नाच्या घडणीनेही. याच हॉल यांनी २०१९ साली २० जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. वाढलेल्या अन्नात कॅलरी, साखर, स्निग्धांश, चोथा सगळं सारखं ठेवलं, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. तयार अन्नाच्या पंधरवड्यात माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. वजन साधारण एक किलो वाढलं. साध्या अन्नाच्या पंधरवड्यात तेवढंच उतरलं. मऊ, चावावं न लागणारं अन्न पोट भरल्याचा निरोप मेंदूत पोचायच्या आधीच घशाखाली गेलेलं असतं. मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी, काकडीची कोशिंबीर असं जेवायला वेळ लागतो, तोच त्याचा गुण. आपल्या ताटातली खरी उणीव प्रथिनांची आहे. पातळ वरणाला डाळ म्हणून गणायचं बंद करून वाटीभर घट्ट उसळ, पिठलं, अंडी, मासे, दही यांना जागा द्यायला हवी, आणि ती जागा भाताच्या दुसऱ्या वाढीतून काढायची. खाणं कमी करताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. प्रथिनं आणि जोर-बैठकांसारखा ताकदीचा व्यायाम ती झीज रोखतात. नुसतं चालून हे साधत नाही.

शेवटी काट्याबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली माणसं वजनाला बेताची असूनही आतून चरबीदार असतात, आणि ती बहुधा पोटात. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचं, आणि कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० च्या आत ठेवायची. कंबर म्हणजे पँटचा नंबर नाही. वर्षानुवर्षं ३४ चीच पँट घालणाऱ्या कितीतरी काकांचा पट्टा पोटाखाली सरकलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत न ओढता आकडा वाचा.

नुसत्या काट्यावर का विसंबू नये, याचा पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा सुमारे तीन वर्षं पाठपुरावा केला आणि २००६ साली निष्कर्ष छापले. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास चालणं आणि साखर, मैदा, तेलकट यांना आवर एवढंच सांगितलेल्या गटात ३९ जणांना. या दुसऱ्या गटाचं सरासरी वजन मात्र जवळपास होतं तिथेच राहिलं होतं.