काळा रंग किती काळा? टीव्हीच्या पडद्यामागची तंत्रे

खोलीतले सगळे दिवे मालवून टीव्हीवर एखादे रात्रीचे दृश्य लावावे आणि पडद्यावरच्या आकाशाकडे नीट पाहावे. काही पडद्यांवर ते आकाश काळे दिसते, तर काहींवर राखेसारखे करडे दिसते आणि पडद्याची चौकट अंधारातही ओळखू येते. पडद्यावर उजेड आणणे तुलनेने सोपे असते. जिथे नको तिथे तो पडू न देणे अवघड असते. सपाट पडद्याच्या निरनिराळ्या तंत्रांमधले बहुतेक फरक या एका अडचणीपाशी येऊन ठेपतात.

आधी नावांचा गुंता सोडवायला हवा, कारण ही नावे विक्रीच्या सोयीसाठी ठेवलेली आहेत. ‘एलईडी टीव्ही’ हा मुळात एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकांच्या पडद्याचा टीव्हीच असतो. फक्त त्याच्या पाठीमागचे दिवे एलईडीचे असतात. ‘क्यूएलईडी’ आणि ‘मिनी एलईडी’ या नावाने विकले जाणारे संचही त्याच घराण्यातले. ‘ओएलईडी’ मात्र वेगळ्या कुळातला आहे, कारण त्याचा प्रत्येक चित्रकण, म्हणजे पिक्सेल, स्वतः प्रकाशतो. एका अक्षराच्या फरकावर ग्राहकाने एवढा मोठा भेद ओळखावा, ही अपेक्षा जरा जास्तच म्हणायची.

एलसीडीचे मूळ एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आहे. १८८८ मध्ये फ्रीडरिश रायनिट्झर यांना कोलेस्टेरॉलचे एक संयुग दोनदा वितळताना दिसले: १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो द्रव एकदम नितळ झाला. मधल्या अवस्थेत तो पदार्थ द्रवासारखा वाहत होता, पण त्याचे रेणू स्फटिकातल्यासारखे एका दिशेने मांडलेले होते. अशा द्रवस्फटिकाच्या लांबट रेणूंना विजेच्या साहाय्याने वळवता येते आणि ते वळले की त्यांच्यातून जाणाऱ्या प्रकाशाची कंपनदिशाही बदलते. विशिष्ट दिशेने कंप पावणारा प्रकाशच आरपार जाऊ देणाऱ्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये हा द्रव ठेवला, की प्रत्येक चित्रकणापुढे विजेवर चालणारी एक झडप तयार होते. मागे दिवे सतत जळत असतात आणि झडपा कमी-जास्त उघडून चित्र साकारते. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवला तर तो भिंगाचे काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे व निळे ठिपके दिसू लागतात. टीव्हीच्या पडद्यावरही रंग असेच जुळवले जातात, पण हा प्रयोग टीव्हीवर करू नये.

या रचनेचे दोन दोष जन्मजात आहेत. पहिला उधळपट्टीचा: पहिला पापुद्राच निम्म्याहून अधिक प्रकाश अडवतो, उरलेल्यातला सुमारे दोन तृतीयांश रंगांच्या गाळण्या शोषून घेतात आणि दिव्यांच्या मूळ प्रकाशाच्या एक दशांशाहूनही कमी भाग डोळ्यांपर्यंत पोहोचतो. दुसरा दोष अधिक खुपणारा आहे, तो म्हणजे झडप कधीच पूर्ण मिटत नाही. द्रवस्फटिकांच्या मांडणीवरून एलसीडीचे आयपीएस आणि व्हीए असे दोन प्रकार पडतात. सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांच्यातले प्रमाण आयपीएस प्रकारच्या पडद्यात साधारण १०००:१ असते, तर व्हीए प्रकारात ३००० ते ५०००:१ पर्यंत जाते. मात्र बाजूला बसून पाहणाऱ्याला व्हीए पडद्याचे रंग लवकर फिकट दिसू लागतात, आयपीएसचे तितके बिघडत नाहीत. एकाच कुळातल्या या दोन प्रकारांतला हा फरक खोक्यावर बहुधा छापलेला नसतो.

झडप मिटत नसेल तर मागचा दिवाच मंद करावा, या विचारातून पाठीमागच्या दिव्यांचे स्वतंत्र विभाग करण्याची पद्धत आली. मिनी एलईडी म्हणजे याच कल्पनेचा विस्तार: दिवे अगदी बारीक आणि विभाग शेकड्यांनी किंवा हजारांनी. तरीही हिशेब करून पाहावा. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख चित्रकण असतात. विभाग १००० धरले तरी एका विभागाच्या वाट्याला ८३०० चित्रकण येतात. काळ्या पडद्यावर पांढरी उपशीर्षके उमटली की अक्षरांभोवती धुरकट वलय दिसते ते यामुळेच. ते टाळण्यासाठी संचातली आज्ञावली दिवा फारच मंद करते तेव्हा आकाश काळे होते खरे, पण त्यातल्या बारीक चांदण्याही विझतात.

स्वयंप्रकाशी सपाट पडद्यांचा पहिला यशस्वी वंश प्लाझ्माचा. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात संगणकावरच्या शिक्षणप्रणालीसाठी तो तयार झाला. सूक्ष्म कप्प्यांत भरलेल्या निऑन व झेनॉन वायूंतून वीज गेली की अतिनील किरण निघतात आणि कप्प्याच्या आतला लेप त्यामुळे उजळतो. त्याचा काळा रंग आणि हालत्या चित्राची स्पष्टता यांची आठवण जाणकार आजही काढतात. पण तो जड होता, वीज जास्त खात होता आणि कप्पे लहान करत गेल्यास त्यांचा उजेड घटत होता, त्यामुळे फोर-केच्या शर्यतीत तो टिकेना. २०१३-१४ च्या सुमारास मोठ्या उत्पादकांनी त्याची निर्मिती थांबवली.

ओएलईडीचा पाया १९८७ मध्ये कोडॅक कंपनीतील चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्या शोधनिबंधाने घातला. सेंद्रिय पदार्थांचे अतिशय पातळ थर दोन विद्युतअग्रांच्या मध्ये ठेवून त्यांतून अल्प दाबाने वीज सोडली की ते प्रकाशतात. सोनीने २००७ मध्ये आणलेला पहिला टीव्ही जेमतेम ११ इंचांचा होता. ५५ इंचांचे संच २०१३ मध्ये आले. येथे काळा रंग दाखवायचा म्हणजे तो चित्रकण विझवायचा, त्यामुळे शेजारी लखलखता ठिपका असला तरी काळ्याला डाग लागत नाही. अडचण आहे ती सेंद्रिय पदार्थ झिजतात, ही. निळा प्रकाश देणारे पदार्थ सर्वांत लवकर थकतात. वृत्तवाहिनीचे बोधचिन्ह रोज तासन्‌तास एकाच कोपऱ्यात राहिले, तर तिथले चित्रकण इतरांपेक्षा अधिक झिजतात आणि त्याची पुसट खूण पडद्यावर कायमची राहू शकते. संच यावर उपाय करत असतो: तो चित्र नकळत काही चित्रकणांइतके सरकवतो आणि काही तासांच्या वापरानंतर, टीव्ही बंद केला की, आतल्या आत झिजेची मोजणी करून विजेची मात्रा दुरुस्त करतो. रिमोटने टीव्ही बंद करून लगेच भिंतीवरचे बटणही दाबण्याची आपली काटकसरी सवय या दुरुस्तीच्या आड येते.

क्वांटम डॉट हे स्वतंत्र पडद्याचे नाव नाही. तो रंग शुद्ध करण्याचा उपाय आहे. काही नॅनोमीटर आकाराच्या या कणांवर निळा प्रकाश पडला की लहान कण हिरवा आणि थोडे मोठे कण लाल प्रकाश देतात. पदार्थ तोच, बदलतो तो आकार. या कणांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. क्यूएलईडीमध्ये हे कण एलसीडीच्या मागच्या प्रकाशात बसवतात, तर क्यूडी-ओएलईडीमध्ये निळ्या ओएलईडीवर. दुसऱ्या प्रकारात परावर्तन रोखणारा ध्रुवक पापुद्रा नसतो, म्हणून खोलीतला दिवा लावताच त्याचा काळा रंग किंचित जांभळट-करडा दिसू लागतो.

दिवा लावल्यावर काय होते, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. समजा, पडद्यावर १५० लक्स (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचे एकक) उजेड पडतो आहे आणि पडदा त्यातला एक टक्का चहूबाजूंना परत फेकतो. म्हणजे पडद्यावर सर्वत्र सुमारे अर्धा निट (निट हे पडद्याच्या उजळपणाचे एकक) उजेडाची साय धरते. पांढरा रंग ३०० निट धरला, तर अंधारात ज्याचे प्रमाण मोजताच येत नव्हते तो ओएलईडी या उजेडात ६०० च्या आसपास येतो. ४०००:१ चा व्हीए पडदा ५४० वर आणि १०००:१ चा आयपीएस पडदा ३८५ वर. अंधारात ज्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता, ते पहिले दोघे जवळपास शेजारी येऊन बसतात. भर उन्हाच्या खिडकीसमोर तर मिनी एलईडीचा झगझगीत उजेडच उपयोगी पडतो, कारण पूर्ण पडदा पांढरा झाला की ओएलईडीला उष्णता आणि झीज आवरण्यासाठी स्वतःचा उजेड कमी करावा लागतो. म्हणून माझ्या मते दिवसा बातम्या पाहणाऱ्या घराने ओएलईडीसाठी अडून बसू नये आणि रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्याने दुसरे काही पाहू नये.

हालचालीच्या बाबतीत मात्र एक गैरसमज रूढ आहे. ओएलईडीचा चित्रकण एलसीडीपेक्षा कितीतरी झपाट्याने बदलतो, म्हणून त्यावर धूसरपणा नसणारच, असे मानले जाते. प्रत्यक्षात सेकंदाला ६० चित्रे असतील तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद तसेच स्थिर राहते आणि चेंडूमागे फिरणारा डोळा तेवढ्या वेळात पुढे सरकलेला असतो. फोर-के पडदा चार सेकंदांत ओलांडणारी वस्तू दर चित्रागणिक १६ चित्रकण पुढे जाते; तेवढी ती डोळ्यांत फरफटते, मग पडदा कोणताही असो. प्लाझ्मा क्षणभर उजळून मावळत असे, म्हणून त्यावर हे कमी होई.

पुढचा उमेदवार मायक्रो एलईडी आहे. सेंद्रिय थरांऐवजी प्रत्येक रंगठिपक्यासाठी एक स्वतंत्र, डोळ्यांना दिसेल न दिसेल इतका लहान असेंद्रिय एलईडी वापरायचा, म्हणजे ओएलईडीचा काळा रंगही मिळतो आणि झिजेची चिंताही बरीच कमी होते. फोर-के पडद्यासाठी असे जवळपास अडीच कोटी दिवे अचूक जागी बसवावे लागतात, आणि लाखात एकच जरी चुकला तरी पडद्यावर २५० ठिपके मेलेले राहतात.