गणपतीच्या पाटाला तडा का गेला?

गेल्या श्रावणात मी गणपतीसाठी पाट केला. सुतारकामाचा छंद लागून जेमतेम सहा महिने झाले होते आणि तोवर माझ्या नावावर एक डुगडुगणारं स्टूल आणि किल्ल्या अडकवायची एक पट्टी, एवढाच ऐवज जमा होता. फणसाची फूटभर रुंदीची फळी रंध्याने गुळगुळीत केली, खाली दोन आडव्या पट्ट्या फेविकॉल लावून बसवल्या आणि वर खात्रीला म्हणून प्रत्येक पट्टीत चार-चार स्क्रू आवळले. पाच दिवस गणपती त्यावर बसले. घरच्यांनी कौतुक केलं. पौषात पाट माळ्यावरून खाली काढला, तर मधोमध उभा तडा. दोन रुपयांचं नाणं सहज आत जाईल एवढा.

आत्या म्हणाली, "गणपतीचो पाट फुटलो? कायतरी चुकला आसतला. देवळात गाराणा घाल." वाडीतल्या सुतारकाकांनी पाट उलटा केला, स्क्रूंच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "लाकडाक हलूक जागा ठेवूक होयी. नायतर ता सोता करून घेतला." मालवणी न कळणाऱ्यांसाठी: लाकडाला हलायला जागा ठेवायला हवी, नाहीतर ते ती स्वतःच करून घेईल.

काका निघून गेले तरी मी त्या वाक्याभोवती घुटमळत राहिलो. शाळेत विज्ञान शिकवतो, पण लाकूड 'हलतं' म्हणजे नेमकं काय होतं, हे मला कुणी विचारलं असतं तर मी उष्णतेने प्रसरण वगैरे काहीतरी ठोकून दिलं असतं. ते साफ चूक आहे. लाकूड उष्णतेने फारच थोडं वाढतं. खेळ सगळा पाण्याचा आहे, आणि तोही डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्याचा नव्हे. पावसात दार फुगतं ते झड लागून, असं आपण म्हणतो. पण घराच्या आतल्या खोलीतलं कपाट, ज्याला पावसाचा थेंबही शिवलेला नाही, त्याचा ड्रॉवर जुलैत तितकाच हट्टाने अडकतो. तिथे पाणी पोचतं ते हवेतल्या वाफेच्या रूपाने.

लाकडातलं पाणी दोन प्रकारे राहतं. नुकत्याच तोडलेल्या झाडात पेशींच्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. लाकडातला ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाशी तुलना करून मोजतात, त्यामुळे काही ओल्या लाकडांत तो १०० टक्क्यांच्याही वर जातो. म्हणजे त्यात कोरड्या लाकडाच्या वजनापेक्षा पाण्याचंच वजन जास्त. ओंडका सुकायला लागला की आधी हे पोकळीतलं पाणी उडतं. लाकूड हलकं होतं, पण आकाराने तसूभरही कमी होत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांवर आला की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि उरतं ते फक्त पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी. ते निघायला लागलं की लाकूड आक्रसू लागतं.

आता त्या भिंतीच्या आत डोकावू, कारण सगळी गंमत तिथे आहे. थोडा धीर धरा.

पेशीची भिंत मुख्यतः सेल्युलोजची. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन याने १८३८ साली वनस्पतींमधून हा पदार्थ वेगळा केला. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो रेणू एका ओळीत जोडून झालेली लांब साखळी. अशा अनेक साखळ्या शेजारी शेजारी बांधल्या गेल्या की एक सूक्ष्म तंतू होतो, काही नॅनोमीटर जाडीचा. भाताच्या पेंढ्याची घट्ट बांधलेली पेंढी डोळ्यांसमोर आणा: काड्या सगळ्या एका दिशेला आणि मधल्या जागेत हेमिसेल्युलोज आणि लिग्निन नावाचे भरणाचे पदार्थ. साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोजवर हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. पाण्याच्या रेणूला त्यांचं भलतं आकर्षण. हवेतून आलेला पाण्याचा रेणू हायड्रोजन बंधाने तिथे चिकटतो. तंतूच्या आतल्या स्फटिकासारख्या नीट रचलेल्या भागात त्याला शिरकाव नाही, पण तंतूंच्या मधल्या ढिल्या जागेत तो घुसतो आणि शेजारच्या दोन तंतूंना बाजूला रेटतो. पेंढीत पाणी शिरलं तर ती जाड होते, काड्या मात्र लांब होत नाहीत. लाकूड रुंदीत फुगतं आणि लांबीत जवळपास तेवढंच राहतं, याचं कारण हे आणि एवढंच.

'जवळपास' का म्हटलं? भिंतीला थर असतात. त्यातला सर्वांत जाड मधला थर, ज्याला एस-२ म्हणतात, त्यातले तंतू पेशीच्या लांबीला अगदी समांतर नसून मळसूत्रासारखे थोडे कलते गुंडाळलेले असतात. कल बहुधा १० ते ३० अंशांचा. कल जितका कमी, तितका लांबीत फरक नगण्य. झाडाच्या गाभ्यालगत, लहान वयात तयार झालेल्या लाकडात हा कल जास्त असतो. म्हणून गाभा ठेवून कापलेली फळी सुकताना लांबीतही आखडते आणि धनुष्यासारखी वाकते. ही कोनाची भानगड डोक्यावरून गेली असेल तर खुशाल सोडून द्या. लाकूड विकत घेताना मात्र फळीच्या टोकाकडून बघा आणि गाभ्याचा ठिपका दिसला तर ती परत ठेवा.

रुंदीतही दोन दिशा आहेत. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर वर्तुळं दिसतात. गाभ्यापासून सालीकडे जाणारी दिशा एक, आणि वर्तुळाच्या कडेने जाणारी दुसरी. पहिल्या दिशेने जाणारे किरणांसारखे पेशींचे पट्टे लाकडाला आतून आवळून धरतात, म्हणून तिकडे आक्रसणं कमी. हिरवं सागवान पूर्ण सुकवलं तर सालीच्या दिशेने सुमारे अडीच टक्के आणि वर्तुळाच्या दिशेने जवळपास ५.८ टक्के आक्रसतं. लांबीत हेच प्रमाण ०.१ ते ०.२ टक्के. साधी चिरलेली फळी सुकताना वाटीसारखी वळते ती या तफावतीने. वर्तुळं सरळ व्हायला बघतात आणि फळीच्या कडा सालीच्या बाजूला उचलल्या जातात.

आता माझ्या पाटाकडे. फणसाचे आकडे पाठ नाहीत, म्हणून सागवानाचे धरतो. श्रावणात आमच्याकडे हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के आणि वर असते. अशा हवेत बराच काळ ठेवलेलं लाकूड १७-१८ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. थंडीत मतलई वारे सुटले की हवा कोरडी होते. आर्द्रता ६० टक्के धरली तर लाकूड साडेदहापर्यंत उतरतं. फरक सात टक्क्यांचा. वर्तुळाच्या दिशेने सागवान दर एक टक्का ओलाव्याला सुमारे ०.१९ टक्का आक्रसतं. म्हणजे ३० सेंटिमीटर रुंदीची फळी चार मिलिमीटर अरुंद व्हायला निघते. खालच्या आडव्या पट्टीचे तंतू मात्र त्याच दिशेने लांबवर पसरलेले, आणि लांबीत लाकूड हलत नाही. फळी म्हणते मी आत येते, पट्टी म्हणते हलू नकोस. फेविकॉल सुटला नाही, स्क्रू सुटले नाहीत (माझ्या कामातली तेवढीच पक्की गोष्ट). तंतूंच्या आडव्या दिशेने ताण सोसायची लाकडाची ताकद उभ्या दिशेच्या मानाने फारच कमी, त्यामुळे शेवटी हार फळीने खाल्ली.

आत्याला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मगे आमच्या जुन्या पाटाक कसो तडो नाय?" प्रश्न रास्त होता. माळ्यावरून आजीच्या वेळचा पाट काढला. त्याच्या पायांना एकही खिळा नाही. फळीच्या पोटात खाली रुंद, तोंडाशी अरुंद अशी खाच कोरलेली, आणि पट्टी त्यात बाजूने सरकवून बसवलेली. फळी वाकू नये एवढी पकड आहे, पण हिवाळ्यात आत यायला आणि पावसात बाहेर जायला तिला मुभा. ज्याने तो केला त्याने हायड्रॉक्सिल गटाचं नावही ऐकलं नसणार.

एवढी नाजूक खाच पटाशीने कोरणं माझ्या हाताला अजून जमत नाही. त्याऐवजी मी दुसऱ्या पाटात प्रत्येक पट्टीला मधला एकच स्क्रू घट्ट ठेवला, आणि कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीतली भोकं लांबट केली. फेविकॉल फक्त मध्यावर, दोन बोटं. नवशिक्यांनी मुळात लहान वस्तूंपासून सुरुवात करावी: लाटणं, रवी, मीठ-मसाल्याचा डबा. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी फळांकडे बघा. पाच सेंटिमीटरचा आंबा वर्षभरात एक मिलिमीटरही हलत नाही, आणि हलला तरी त्याला अडवायला कुणी नाही.

"तेल पाजलं की लाकूड हलत नाही" असं सांगणारे व्हिडिओ मीही पाहिले होते. तेल, पॉलिश, आपल्याकडचं काजूच्या टरफलाचं तेल, यांनी वाफेची ये-जा मंदावते, थांबत नाही. (टरफलाच्या तेलाने कातडी भाजते, हातमोजे घाला.) दुकानातली 'पूर्ण सीझन केलेली, आयुष्यभर न हलणारी' फळीसुद्धा आपल्या हवेत आली की आपल्या हवेचा ओलावा घेतेच. अमावास्येला तोडलेल्या लाकडाला घुणा लागत नाही, असंही सांगतात. घुणा लागतो तो मुख्यतः लाकडातल्या पिठूळ अंशाला, आणि झाडात तो ऋतूप्रमाणे कमीजास्त होतो. तोडायचा हंगाम बघण्यात अर्थ आहे. चंद्राचा त्यात हात असल्याचं मला तरी कुठे दिसलं नाही.

फुटलेला पाट मी टाकला नाही. पट्ट्या काढून तो पडवीत भिंतीला टेकवून ठेवलाय. आषाढात तड्यात पोस्टकार्डही शिरत नव्हतं. परवा आत्याने स्वतः नाणं घालून बघितलं, अर्ध्यापर्यंत गेलं.