फाइल ‘एसआरजीबी’तच का मागतात? : पार्श्वभूमी

लग्नसराई लागली की बीड, परभणी, लातूरच्या स्टुडिओंतून करिझ्मा अल्बमच्या (डिझाइन करून छापलेल्या लग्नाच्या अल्बमच्या) शीट संभाजीनगर, पुणे नाहीतर हैदराबादच्या लॅबकडे निघतात. लॅबच्या अटी ठरलेल्या: जेपेग, ३०० डीपीआय, एसआरजीबी. यातलं एसआरजीबी म्हणजे एक रंगजागा, फाइलमधल्या आकड्याला नेमका कोणता रंग म्हणायचं ते ठरवणारी चौकट. पहिल्या दोन अटींवर कुणी वाद घालत नाही. तिसरीवर अजून दोन तट आहेत, एक एसआरजीबीचा आणि दुसरा अ‍ॅडोबी आरजीबी या मोठ्या रंगजागेचा, आणि ते पडले १९९८ साली.

त्याआधीचं थोडक्यात. डोळ्याला दिसणाऱ्या रंगांचा नकाशा १९३१ मध्येच आकड्यांत मांडला गेला होता. १९९३ मध्ये काही कंपन्या एकत्र आल्या आणि त्यातून आयसीसी प्रोफाइल, म्हणजे फाइलचे आकडे कोणत्या रंगजागेतले ते सांगणारी चिठ्ठी, निघालं. १९९६ मध्ये दोन बड्या कंपन्यांनी तेव्हाच्या साध्या सीआरटी (जुन्या काचेच्या नळीच्या) मॉनिटरच्या बेताने एसआरजीबी सुचवलं, १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. आपल्याकडचे स्टुडिओ तेव्हा रोलवर चालत होते. रंग बिघडला तर तो लॅबच्या केमिकलवर ढकलता येत होता.

ठिणगी पडली ती १९९८ च्या फोटोशॉप ५ मुळे. त्याआधीच्या आवृत्त्यांत फाइलमधला आकडा थेट पडद्यावर जायचा, म्हणजे जसा मॉनिटर तसा रंग. पाचव्या आवृत्तीने एडिटिंगची रंगजागा मॉनिटरपासून तोडली, आणि ते योग्यच होतं. पण सगळ्या फाइलींना मिळून जागा एकच ठेवली, कुणी काही बदललं नाही तर ती एसआरजीबी. वेगळ्या प्रोफाइलची फाइल उघडली की ती न विचारता त्यात बदलून टाकायची. छपाईवाले खवळले, कारण शाईला जमणारे काही हिरवे-निळसर रंग एसआरजीबीत मावतच नव्हते. त्याच वर्षीच्या सुधारित आवृत्तीत विचारून बदलायची सोय आली, आणि २००० मध्ये सहाव्या आवृत्तीने प्रत्येक फाइलला आपापलं प्रोफाइल बाळगू दिलं.

अ‍ॅडोबी आरजीबी याच धांदलीतलं. टीव्हीच्या एका मानकाच्या नावाने एक मोठी रंगजागा पाचव्या आवृत्तीत दिली होती. पुढे कळलं की तिचे आकडे मानकाच्या मूळ तक्त्यातले नव्हतेच. परिशिष्टातले आदर्श आकडे घेतले होते, आणि तेही उतरवताना चुकले होते. तोवर ती लोकांच्या पसंतीला उतरलेली. मग आकडे तसेच ठेवून नाव तेवढं बदललं. ज्या जागेला पुढे कार्यशाळांतून ‘प्रोफेशनल’ म्हणून मिरवलं गेलं, तिचा जन्म हा असा.

दोघींतला फरक नेमका किती? रंगांच्या नकाशावर दोन्ही रंगजागा त्रिकोणी दिसतात; त्यात लाल आणि निळ्याचा कोपरा दोघींचा एकाच जागी आहे. सरकलाय तो फक्त हिरवा. पैठणीच्या पोपटी-मोरपंखी काठाला त्याचा थोडा उपयोग होईल, एरवी अल्बममध्ये तो शोधून काढावा लागतो. तोटा मात्र उघड दिसतो. एसआरजीबीतला २५५ चा भडक लाल अ‍ॅडोबी आरजीबीत लिहायला २१९ पुरतो. प्रोफाइल न वाचणाऱ्या मशीनकडे ही फाइल गेली की ते त्या २१९ ला एसआरजीबीतलाच २१९ धरतं. शालू मळकट, हळद फिकी. सातबाऱ्यावर नुसतं ‘वीस’ लिहायचं आणि एकर की गुंठे ते सोडून द्यायचं, तसलाच हा प्रकार.

आपल्या भागात डिजिटल एसएलआर रुळले तसा कॅमेऱ्याच्या मेनूतला हा पर्याय लोकांच्या हाती आला. कॅमेरा विकत घेताना तो एसआरजीबीवरच असतो. ‘मोठी जागा म्हणजे जास्त रंग’ हा सल्ला ऐकून अनेकांनी तो बदलला. ओळखायची खूण सोपी होती, कार्डातल्या फाइलच्या नावाआधी एक आडवी रेघ यायची. पण कामाच्या घाईत ती कोण बघतो? त्यात फोटोशॉप ७ गावोगावी वर्षानुवर्षं चाललं, बऱ्याच ठिकाणी रंग-व्यवस्थापन बंद करूनच. वेगवेगळ्या फाइलींतले फोटो एकाच टेम्प्लेटमध्ये ओढले जायचे, आकडे तसेच राहायचे आणि त्यांचा अर्थ बदलायचा. शिव्या ऑपरेटरला बसायच्या. एसआरजीबी ठेवण्याच्या १९९८ च्या त्या निर्णयालाही कमी शिव्या बसलेल्या नाहीत, पण तालुक्याच्या अल्बमपुरतं बोलायचं तर तो चुकीचा नव्हता. आडमुठेपणा होता तो न विचारता बदलण्यात.

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, शूट करणाऱ्यांचा यातून सुटका झाली असा समज असतो. अर्धाच खरा. रॉ फाइलला मेनूतली ती सेटिंग लागू होत नाही आणि २००७ पासून बाजारात असलेलं लाइटरूम हे फोटो-एडिटिंगचं सॉफ्टवेअर आत तर याहून कितीतरी मोठ्या जागेत काम करतं. एक्स्पोर्ट करताना मात्र रंगजागा निवडावीच लागते, आणि तिथे घोळ उरतोच.

आता वाद फोनवर आलाय. २०१६ च्या आयफोन ७ पासून फोटो डिस्प्ले पी-३ या आणखी एका मोठ्या रंगजागेत येऊ लागले, पुढच्या वर्षी अँड्रॉइड ८ ने रंग-व्यवस्थापन आणलं. या जागेत हिरव्याबरोबर लाल कोपराही बाहेर सरकलाय. मिरवणुकीतल्या गुलालाच्या, नवरीच्या कुंकवाच्या छटांना पडद्यावर ऐसपैस जागा मिळाली. पाहुण्यांनी फोनवर काढलेले हेच फोटो यजमान शीटमध्ये टाकायला देतात आणि दोन फोटोंतला लाल एकमेकांशी जुळत नाही. इथे फोटोशॉपमध्ये प्रोफाइल ‘असाइन’ केलं तर आकडे तेच राहून रंग बदलतो; ‘कन्व्हर्ट’ केलं तर आकडे बदलून रंग शक्य तितका तोच राहतो. लॅबला हवं असतं ते दुसरं, आणि ऑर्डरच्या फॉर्मवर तेवढंच लिहिलेलं नसतं.